माझ्या नावानं भांडणारा मामा

जगात जे जे बिघडलं आहे त्याला नेमकं कोण जबाबदार, हे पक्कं ठाऊक असलेला एकच माणूस मी आजवर पाहिला आहे आणि तो माझा सख्खा मामा आहे. पाऊस लांबला, बस चुकली, कुणाचं लग्न मोडलं, कुणाचं सरकार पडलं, कुणाला नवस करूनही देव पावला नाही. मामाला विचारायचा अवकाश, दोषी इसमाचं नाव, गाव आणि वर्तन तयार. इतरांना प्रश्न पडतात. मामाला थेट आरोपीच दिसतात.

हे असं का, ते सांगायचं तर आधी आमचं घर सांगायला हवं. मी ते लाजत सांगत नाही. मी पहिलीत असताना वडील गेले. आई निपाणीत विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवलेली पानं, कात्री आणि दोऱ्याची रीळ, आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मान खाली. भाड्याच्या दोन खोल्या होत्या. एका खोलीत पानांची पोती, दुसरीत आम्ही. घराला, अंथरुणाला, माझ्या वह्यांना तंबाखूचा वास यायचा. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात बाकावरच्या मुलीनं नाकाला रुमाल लावला. मी जागा बदलली नाही. तिनं बदलली. मामा वखारीत होता, तंबाखूच्या. सातवीत शाळा सुटली तेव्हापासून. वडील गेल्यावर दोन महिन्यांसाठी म्हणून तो आमच्याकडं राहायला आला आणि राहिलाच. त्याचं लग्न झालं नाही, आणि ते का झालं नाही याला जबाबदार असलेल्या चौघांची नावं तो आजही एका दमात सांगतो.

वखारीत मामाचं काम माल पारखायचं. चिमूटभर तंबाखू तळहातावर घ्यायचा, बोटानं पसरायचा, नाकाशी न्यायचा आणि सांगायचा, हा बोरगावच्या शिवारातला, हा माळावरचा, ह्यात धूळ घातलीया. माल खराब निघाला की तो कुणामुळं खराब झाला हेही त्यालाच शोधावं लागे. पिकवणाऱ्यामुळं, वाळवणाऱ्यामुळं की पोती भरणाऱ्यामुळं? चाळीसेक वर्षं रोज हाच प्रश्न विचारलेला माणूस घरी येऊन वेगळं काय विचारणार? आमच्याकडं साधं दूध उतू गेलं तरी चौकशी बसायची.

"आक्का, ग्यास कुणी मोठा केलता?"

"मी."

"का?"

"तूच चा मागिटलास म्हणून."

आपल्यावर येतंय म्हटल्यावर त्याला थोडी जास्त पारख करावी लागायची. मग म्हणायचा, "दोष दूधवाल्याचा हाय. आज पाणी घालायचं इसरलाय त्यो. नुसतं दूध असलं की उतू जाणारच."

दम्यामुळं वखार सोडावी लागली तेव्हा मामा पार खचला. दिवसभर अंगणात खुर्ची टाकून बसायचा आणि येणाजाणाऱ्यांच्या चपलांकडं बघायचा. मी तेव्हा बी.एड. संपवून सरकारी शाळेच्या भरतीचा अभ्यास करत होते. आईच्या मागं लागून मी त्याला एक मोठ्या पडद्याचा फोन घेतला. सिम घ्यायला दुकानात गेलो तर तिथल्या मशीनवर मामाचा अंगठा उठेना. दहाही बोटं लावून झाली. तंबाखू चाळून चाळून बोटांच्या रेघाच गेलेल्या. दुकानदार म्हणाला, "आप्पा, तुमाला बोटंच न्हाईत." मामानं दोन्ही हात त्याच्यासमोर धरले आणि विचारलं, "मग हे काय, वांगी हाईत?" शेवटी सिम माझ्या नावावर घेतलं. घरात सगळी कागदं धड असलेली मी एकटीच होते. त्या दिवशी मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

फोनवर मामाला एक चर्चेचा ग्रुप सापडला. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी असा सगळा भाग त्यात होता. शेतकरी, दुकानदार, पेन्शनर, कॉलेजची पोरं, सगळे. विषय तीनच: धर्म, राजकारण, आणि या दोहोंचं वाटोळं कुणी केलं. मामाच्या दृष्टीनं हे म्हणजे वखारीचं दार पुन्हा उघडल्यासारखं झालं. तो सकाळी आंघोळ करून, केसांना तेल लावून, धुतलेला शर्ट घालून वादाला बसायचा. सकाळी धर्म, दुपारच्या चहानंतर राजकारण. सकाळी राजकारण काढणाऱ्याला तो उत्तरच द्यायचा नाही. "पोट साफ व्हायच्या आत पुढारी नगंत," म्हणायचा. आणि जेवणाची वेळ झाली की तसं जाहीर करायचा: 'आता जेवण. वाद दोन वाजता पुढे सुरू.' गंमत म्हणजे समोरचे थांबायचे. एकदा दोन वाजून गेले तरी मामाला झोप लागून राहिली, तर चिकोडीच्या कुणीतरी लिहिलं, 'सर्व ठीक आहे ना? काळजी वाटते.'

लिहायचा म्हणजे बोलायचा. बोटं पडद्यावरही नीट उठायची नाहीत, म्हणून दुकानदारानं त्याला बोलून मजकूर उमटवायची युक्ती शिकवली होती. मामा फोन हातभर लांब धरायचा आणि अंगणात उभा राहून सभेत बोलावं तसा बोलायचा. फोन बिचारा प्रामाणिक. ऐकेल ते सगळं लिहायचा. त्यामुळं मामाच्या लेखनात गल्लीही असायची. 'धर्म हा माणसाच्या वागण्यात असतो, अगं नळाला पाणी आलं, घागरी आण, नुसत्या घंटा वाजवून धर्म टिकत नाही, सरक की म्हशी, असे माझे स्पष्ट मत आहे.' यावर एकानं उत्तर दिलं होतं, 'घंटेबद्दल असहमत. पाण्याच्या मुद्द्याला पाठिंबा.'

दुसऱ्याचं मत वाचून तो त्याची प्रत ठरवायचा. शिव्या दिलेल्या असल्या की "धूळ". कुठून तरी उचलून पुढं ढकललेलं असलं की "भेसळ". स्वतः विचार करून लिहिलेलं, मग ते मामाच्या विरुद्ध का असेना, दिसलं की तळहात पसरून, अस्सल मालाला म्हणावं तसं म्हणायचा, "पान हाय, पान!" विरोधकाचं पान मिळालं की तो दिवसभर खूश असायचा.

पण मामाचं खरं वेगळेपण पुढंच. भांडण तोंडासमोर झाल्याशिवाय पुरं होत नाही अशी त्याची पक्की समजूत. वखारीत दोघांची जुंपली की मालक दोघांना एका बाकावर बसवून चहा पाजायचा आणि तो चहा संपला की भांडण संपलं असं सगळे धरायचे. मामानं तोच कायदा फोनला लावला. कुणाशी आठवडाभर वाजलं की तो त्याचं गाव विचारून घ्यायचा आणि बाजारच्या दिवशी बस धरून थेट त्याच्या दारात. शहापूरचा एक विणकर होता. धर्म बुडाला तो आजच्या पोरांमुळं, असं त्याचं म्हणणं, आणि पोरांना बोल लावायचा नाही असं मामाचं. मामा गेला त्याच्याकडं. संध्याकाळी हातात कागदात गुंडाळलेली साडी घेऊन परत आला.

आईनं विचारलं, "कोण जिकलं?"

"माग चालू हुता आक्का. त्यो बोललेला मला ऐकू ईना, मी बोललेलं त्याला. पण तीन तास बसलो. माणूस लई चांगला हाय. ही तुला दिलीया."

"आणि धर्माचं काय झालं?"

"त्याचं ऱ्हायलंच की!" मामा कपाळावर हात मारून म्हणाला. "दोष मागाचा."

एकाच माणसाचं गाव मात्र त्याला कधी कळलं नाही. त्याचं ग्रुपवरचं नाव होतं 'रानफूल' आणि नावाजवळ जास्वंदीचा फोटो. रानफुलाशी मामाचं तीन-चार महिने रोज वाजत होतं. देवळाचा कारभार कुणाकडं असावा, पुढाऱ्यांनी धर्म नासवला की धर्माच्या नावावर पुढारी नासले, एक विषय सुटला नाही. पण भाषा दोन्हीकडून अशी मर्यादेची, की बाकीचे वाचायला यायचे. मामा लिहायचा, 'ताईसाहेब, आपला आदर राखून सांगतो की आपण साफ चुकत आहात.' तिकडून यायचं, 'ताई, आपण शिकलेल्या आहात, पण देवळातले आपल्याला काही कळत नाही.' मामा हे वाचून दाखवायचा तेव्हा मी अभ्यासातून मान वर करून विचारलं होतं, "मामा, ती तुला ताई का म्हणते?" तो म्हणाला होता, "बायका असतात गं मायाळू." मी पुन्हा पुस्तकात मान घातली. तिथंच मी चुकले.

त्या वर्षी भरतीची निवड यादी लागली आणि तिच्यात माझं नाव होतं. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड बघितलेली मी पहिली, आणि आता सरकारी शाळेच्या यादीत. आईला वाचता येत नाही, तर तिनं माझं बोट धरून यादीतल्या त्या ओळीवर ठेवून घेतलं. आता कागदपत्रांची तपासणी झाली होती आणि एकच दाखला यायचा राहिला होता: पोलिसांचा. या बाईंवर कुठं काही तक्रार नाही, एवढं त्यांनी लिहून दिलं की नेमणूक. मला वाटलं, आमच्यावर कसली तक्रार? तक्रार करण्याइतकं आमच्याकडं कुणी कधी बघितलंच नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात मामाच्या फोनची रिंग वाजली. मामा अंगणात होता, फोन मी उचलला. पलीकडून कानडी आवाज, "हलो, बी.ए., बी.एड. मॅडम एन री?" म्हणजे मॅडमच ना?

मी म्हटलं, "हो, मीच. कोण?"

खानापूर तालुक्यातलं एक पोलीस ठाणं होतं. तुम्ही आमच्या हद्दीतल्या गावच्या देवीबद्दल वाईट लिहिलंय असा अर्ज आलाय, मॅडम, परवा सकाळी चौकशीला या. मी म्हटलं, मी असलं काही लिहीत नाही. तो माणूस फार सभ्यपणानं म्हणाला, "मॅडम, तुमचंच नाव आहे. डिग्रीसकट आहे. खाली नंबर आहे. चर्चा अपुरी वाटल्यास फोन करावा, असं पण लिहिलंय."

मी मामाच्या हातात फोन दिला आणि म्हटलं, तुझं ते खातं उघडून दाखव. आणि दिसलं. खात्यावर माझं संपूर्ण नाव, पुढं बी.ए., बी.एड., फर्स्ट क्लास. फोटोच्या जागी भिंतीवर लावलेल्या माझ्या डिग्रीचा फोटो, काचेत मामाचं अर्धं डोकं दिसत असलेला. वर्षभर, घंटेपासून म्हशीपर्यंत, मामा जे जे बोलला होता ते सगळं मी बोलले होते.

"मामा, हे काय केलंस रं?"

"दुकानदारानं इचारलं, नाव काय टाकू. मी सातवी नापास. माझं कोण ऐकणार बाई? आपल्यात बी कुणी शिकलंय, हे लोकास्नी कळंना का, म्हणून तुझं सांगिटलं." मग जरा थांबून म्हणाला, "लोक लई मान देत हुते गं तुला."

मला राग आला होता. खरंच आला होता. पण त्या शेवटच्या वाक्यानंतर मी फोनमधल्या माझ्या डिग्रीकडंच बघत राहिले. आई मात्र बोलली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं कात्री बाजूला आपटली आणि म्हणाली, "पोरगीची नोकरी गेली तर तू माझा भाऊ न्हवंस." मामानं त्या दिवशी जेवण जाहीर केलं नाही. जेवलाच नाही.

अर्जाचं कारण असं होतं. त्या गावच्या जत्रेत देवीचा रथ निघाला आणि वेशीजवळ त्याचं चाक रुतलं. दोन तास रथ हलेना. ग्रुपवर लगेच वाद: दोष कुणाचा? कुणी म्हणालं देवी कोपली, कुणी म्हणालं सरकारनं रस्ता केला नाही, कुणी विरोधी पार्टीवर ढकललं, कुणी म्हणालं हल्ली कोण कोण रथाला हात लावतं म्हणून. मामानं रुतलेल्या चाकाचा फोटो मोठा करून करून बघितला आणि पारखून मत दिलं: 'देवी कोपलेली नाही. रथाखाली मुरूम टाकायचा तिथे पंचकमिटीने काळी माती टाकली आहे. आपली चूक देवीच्या अंगावर ढकलू नका. देवी काय तुमची कंत्राटदार आहे?' हे शेवटचं वाक्य कमिटीला झोंबलं.

ठरल्या दिवशी सकाळी मामा आणि मी बसनं निघालो. बेळगावला गाडी बदलली. एरवी बसमध्ये दहा अनोळखी माणसांशी भांडणारा मामा खिडकीशी बसून तिकिटाची घडी घालत, उलगडत होता. मी मनातल्या मनात हिशेब करत होते: मामानं लिहिलं असं सांगितलं तर म्हाताऱ्यावर बालंट, गप्प राहिले तर माझी नेमणूक गेली. दोन्हीतलं एक निवडायचं म्हटलं तर मी काय निवडलं असतं, ते मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

ठाण्यात साहेबांसमोर दोन बाकडी होती. एकावर आम्ही. दुसऱ्यावर पंचकमिटीचे अध्यक्ष आणि त्यांच्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ, पांढऱ्या झुबकेदार मिशा, डोक्यावर टोपी, हातात छत्री. साहेबांनी मजकूर वाचला आणि मला मराठीत विचारलं, "मॅडम, हे तुम्ही लिहिलंय?"

मी तोंड उघडायच्या आत मामा उभा राहिला. मामाचं कानडी वखारीतलं, भाव करण्यापुरतं. त्यातले शब्द शोधून शोधून त्यानं जोडले. "तप्पु नंदरी, साहेब्र." चूक माझी आहे, साहेब. माझ्या आयुष्यात हे वाक्य मी त्याच्या तोंडून कुठल्याच भाषेत ऐकलेलं नव्हतं.

साहेब हसले. "आजोबा, खातं यांच्या नावावर, सिम यांच्या नावावर, फोटो यांच्या डिग्रीचा. तुम्ही भाचीला वाचवायला आलाय. असलं लिहिणं तुमचं वाटत नाही. भाषा बघा, आपला आदर राखून वगैरे."

"माझीच हाय की!"

"कशावरून?"

आता हे कसं सिद्ध करायचं? मामानं खिशातून फोन काढला, खाकरला, फोन हातभर लांब धरला, आणि ठाण्याच्या मधोमध उभा राहून सुरू झाला. "सन्माननीय साहेब, आपला आदर राखून सांगतो की आपण साफ चुकत आहात. माणूस शिकलेला नसला म्हणजे त्याला बोलता येत नाही असं कुणी सांगिटलं? ह्या पोरीनं कधी कुणाला अरे का रे केल्यालं न्हाय. तिनं फक्त पुस्तकं वाचली. बोललो ते मी बोललो." तेवढ्यात दारातून हवालदार ओरडला, "साहेब, चहा किती सांगू?" मामानं फोन साहेबांच्या हातात दिला. मजकुरात सगळं उमटलं होतं, चहासकट.

साहेब वाचत होते, एवढ्यात समोरच्या बाकड्यावरचे मिशाळ गृहस्थ छत्री टेकत उभे राहिले. मामाजवळ आले, त्याच्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "ताई?"

मामा दचकला. मग त्याची नजर त्यांच्या मिशांवरून खाली आली. "रानफूल ताई?"

"मी पोस्टमास्तर. पोस्टातनं रिटायर झालोय. नातीनं खातं काढून दिलंय, नाव बी तिनंच ठेवलंय." आणि एकदम आवाज चढला, "अवो पण तुमी बाप्या! मी चार महिनं शब्द तोलून तोलून लिवलो, शिकलेली पोरगी हाय म्हणून!"

"आणि मी?" मामा म्हणाला. "मला काय कमी शिव्या येत हुत्या? बाईमाणूस म्हणून गिळल्या."

साहेबांनी चष्मा काढला आणि रुमालानं डोळे पुसले. हवालदार भिंतीकडं तोंड करून हसत होता. मला मात्र हसू येत नव्हतं. मी हात जोडून सांगितलं, "साहेब, माझी नेमणूक अडलीय. घरातली पहिली नोकरी आहे." हात जोडायचे नाहीत असं मी बसमध्ये ठरवलं होतं.

पोस्टमास्तर माझ्याकडं वळले. "व्हय, म्हणूनच आलोय मी. कमिटीचा अर्ज हाय, माझा न्हाय. शिकलेल्या पोरीचं एका वाक्यावरनं वाटुळं हूं नये, एवढं सांगायलाच छत्री घिऊन आलो." मग अध्यक्षांच्या खांद्यावर हात ठेवून ते अगदी हळू आवाजात, पण सगळ्या ठाण्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "अध्यक्ष, मुरूम कुठं गेला ते साहेबास्नी सांगू, का अर्ज मागं घेतासा?"

अध्यक्षांना एकाएकी घाम आला. मुरूम कमी पडला होता, ट्रॅक्टरवाल्यानं ऐनवेळी माती ओतली, घाईत कुणी बघितलं नाही, असं ते बोलत राहिले. साहेबांनी हात वर केला. ते म्हणाले, देवीचा अपमान करायचा हेतू दिसत नाही, आजोबांनी माफी लिहून द्यावी, कमिटीनं अर्ज मागं घ्यावा, विषय संपला. आणि मामाला म्हणाले, "आजोबा, ते खातं बंद. आजच."

मामानं माफी स्वतःच्या हातानं लिहिली. बोलून नाही. टेबलाशी वाकून, एकेक अक्षर गिरवत, पाऊण तास. देवीचा आणि भक्तांचा मान राखतो, शब्द जास्त झाले, भाचीचा यात काही संबंध नाही. खाली त्यानं स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढं स्वल्पविराम देऊन: सातवी नापास. साहेबांनी ते वाचलं, कागद नीट घडी करून फाईलला लावला.

बाहेर येऊन मी पायरीवरच बसले. समोरच्या हॉटेलात मामा, पोस्टमास्तर आणि अध्यक्ष एका बाकावर बसून चहा पीत होते. पोस्टमास्तर सांगत होते, माती जरी असली तरी देवीच्या मनात असतं तर रथ निघालाच असता. मामा म्हणत होता, आपला आदर राखून सांगतो. आमची बस गेली. पुढची पण गेली. त्या दुपारी जगातल्या सगळ्या बस गेल्या असत्या तरी मला चाललं असतं.

घरी पोचल्यावर आईनं माझ्या तोंडाकडं बघितलं, तिला कळलं. तिनं मामाच्या ताटात भाकरी वाढली आणि वर तूप. बोलणं दोन दिवसांनी सुरू केलं.

मामानं खातं त्याच दिवशी मोडलं. पोस्टमास्तरांचा फोन रविवारी येतो, दोघं तासभर बोलतात, पण मामाचा दमा आणि त्यांचे गुडघे, भेट काही होत नाही. अंगणात आता सकाळी आवाज नसतो. शेजारणी सांगतात, नळाला पाणी आलेलं आम्हाला कळत नाही. त्या ग्रुपवर आमच्या बी.ए., बी.एड. कुठं गेल्या म्हणून लोक विचारत होते, असं पोस्टमास्तर म्हणाले. मामानं ते ऐकलं आणि चष्मा पुसत बसला. आता तो कुणाची प्रत ठरवत नाही. परवा आमच्या भागात दिवसभर वीज गेली होती. मी मुद्दाम त्याच्या खुर्चीजवळ जाऊन विचारलं, "मामा, दोष कुणाचा?" तो म्हणाला, "असंल गं कुणाचा तरी." मला ते उत्तर आवडलं नाही. त्यानं एखादं नाव घ्यायला हवं होतं. मी हसून ऐकलं असतं.

पोलिसांचा दाखला तिसऱ्या आठवड्यात आला: कोणतीही तक्रार नाही. पुढच्या महिन्यात नेमणुकीचा कागद हातात पडला. चिकोडी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत मी सहावी-सातवीला समाज विज्ञान शिकवते. नोकरी कायमची आहे.